जुळ्या शहरांचा रस्ता

धारवाड म्हटले की मराठी माणसाला प्रथम तेथील पेढे आठवतात. रसिकांना पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गाणे आठवते, तर वाचकांना तेथील महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी आठवतात. या शांत, विद्याव्यासंगी गावापासून सुमारे 20 किलोमीटर अंतरावर हुबळी वसले आहे. कापसाची बाजारपेठ, रेल्वेचा कारखाना आणि पहाटेपासून गजबजणाऱ्या व्यापारी पेढ्या ही त्याची ओळख. 1956 पर्यंत ही दोन्ही शहरे मुंबई राज्यात होती. राज्यपुनर्रचनेनंतर ती तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली आणि 1962 मध्ये दोहोंची मिळून एकच महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेनुसार या जुळ्या शहराची लोकसंख्या सुमारे 9 लाख 43 हजार होती.

एका शहराचा स्वभाव व्यापाऱ्याचा, तर दुसऱ्याचा अध्यापकाचा. तथापि गेल्या पंचवीस वर्षांत दोहोंची वाढ एकमेकांच्या दिशेनेच झाली. 2003 मध्ये दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय हुबळीस आले. 2008 मध्ये धारवाडला उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले आणि 2016 मध्ये आय. आय. टी. आली. हुबळी स्थानकावरील 1,507 मीटर लांबीच्या फलाटाचे 2023 मध्ये उद्घाटन झाले, तेव्हा तो जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून गणला गेला. नोकरी एका गावी आणि घर दुसऱ्या गावी अशी हजारो कुटुंबे येथे आहेत. त्यामुळे या दोन गावांमधील रस्ता हा येथे केवळ दळणवळणाचा विषय राहत नाही, तो रोजच्या संसाराचा भाग होतो.

एकाच रस्त्यावर सारा भार

सातारा, कोल्हापूरच्या वाचकांना ‘पी. बी. रोड’ हे नाव परिचयाचे आहे. पुणे-बंगळूर असा हा जुना मार्ग बेळगावहून धारवाडात शिरतो आणि नवनगर, उणकल, विद्यानगर असा हुबळीच्या मध्यवस्तीत उतरतो. एके काळी पुण्याहून बंगळूरला जाणारी मालमोटार, कर्नाटक विद्यापीठाचा विद्यार्थी, बाजारात निघालेली बैलगाडी आणि रुग्णालय गाठू पाहणारी रुग्णवाहिका, साऱ्यांची वाट एकच होती. कारवारच्या किनाऱ्याकडून आणि विजापूरकडून येणारे मार्गही हुबळीतच येऊन मिळत. साहजिकच लांब पल्ल्याची वाहतूक शहराबाहेरून वळवावी, ही मागणी पुढे आली.

या मागणीतून गब्बूर ते नरेंद्र असा सुमारे 30 किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता अस्तित्वात आला. त्यासाठी ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ ही त्या काळी नवी असलेली पद्धत स्वीकारण्यात आली. खाजगी कंपनीने स्वतःचे भांडवल आणि बँकांचे कर्ज यांतून रस्ता बांधायचा, ठरावीक वर्षे पथकर गोळा करायचा आणि मुदतीअंती रस्ता शासनाच्या स्वाधीन करायचा, असे तिचे स्वरूप असते. शासनाच्या तिजोरीवर तात्काळ भार न पडता रस्ता मिळतो, हा तिचा मोठा गुण होय.

करार आणि काळ

परंतु करार लिहिला जातो तो त्या दिवसाच्या गरजेवरून. पुढील पाव शतकात रहदारी कोठवर जाईल, याचा अंदाज चुकला तर त्याची किंमत कोणीतरी मोजावीच लागते. सुवर्ण चतुर्भुज योजनेत मुंबई-चेन्नई मार्ग चौपदरी झाला. धारवाडच्या अलीकडे चौपदरी, हुबळीच्या पलीकडे चौपदरी आणि मधला हा बाह्यवळण रस्ता मात्र दुपदरी, असे विचित्र चित्र निर्माण झाले. मोकळ्या, दुभाजक असलेल्या मार्गावरून वेगाने येणारा चालक अचानक अशा रस्त्यावर येई, जेथे पुढच्या वाहनास ओलांडण्यासाठी समोरून येणाऱ्या वाहनाच्या वाटेत शिरावे लागे. वेगाची सवय तीच, पण रस्ता निराळा. अपघातांचे मूळ येथे होते.

15 जानेवारी 2021 रोजी इटिगट्टीजवळ दावणगेरेहून गोव्यास निघालेल्या मैत्रिणींच्या वाहनाची टिप्परशी टक्कर झाली आणि दहाहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. मृतांचे आप्त त्यानंतर त्या ठिकाणी आले आणि त्यांनी रस्ता रुंद करण्याची मागणी केली. मागणी नवी नव्हती. कराराची मुदत शिल्लक असताना रुंदीकरणाचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नावर ती वर्षानुवर्षे अडली होती. अखेर 2022 मध्ये सहापदरी मार्ग आणि दोन्ही बाजूंस सेवा रस्ते अशा कामाची कोनशिला बसविण्यात आली.

या अनुभवातून बँकिंग क्षेत्रालाही शिकण्यासारखे बरेच आहे. बँकांकडील ठेवी बहुतांशी अल्प वा मध्यम मुदतीच्या असतात. रस्त्यासाठी दिलेले कर्ज मात्र पंधरा-वीस वर्षे गुंतून राहते आणि त्याची परतफेड सर्वस्वी रहदारीच्या अंदाजावर विसंबून असते. अंदाजापेक्षा रहदारी कमी झाली तर कर्ज अडचणीत येते आणि जास्त झाली तर रस्ता अपुरा पडतो. 2016 पासून रूढ झालेल्या संमिश्र वार्षिकी पद्धतीत प्रकल्पखर्चाचा 40 टक्के हिस्सा शासन बांधकामाच्या काळातच देते आणि उर्वरित रक्कम पुढे हप्त्यांनी चुकती करते. पथकराच्या चढउताराचा धोका त्यामुळे कंपनीवर राहत नाही. तथापि वाढत्या रहदारीनुसार रस्ता केव्हा आणि कोणाच्या खर्चाने वाढवायचा, हे कलम आरंभीच सुस्पष्ट असणे, हे पद्धत कोणतीही असली तरी अगत्याचे आहे.

चिगरीची वाट

लांब पल्ल्याची वाहने बाहेरून गेली, तरी दोन शहरांमधील रोजची ये-जा जुन्याच रस्त्यावर राहिली. तिच्यासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने जलद बस वाहतूक प्रकल्प हाती घेण्यात आला. सुमारे 22 किलोमीटरच्या या मार्गावर रस्त्याच्या मधोमध केवळ बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका आहेत. प्रवाशाने स्थानकातच तिकीट काढायचे आणि फलाटाच्या पातळीवरूनच गाडीत शिरायचे. यामुळे थांब्यावरील वेळ वाचतो आणि वृद्धांना पायऱ्या चढण्याचे कष्ट पडत नाहीत. जलद गाडीला थांबलेल्या गाडीच्या पुढे जाता यावे म्हणून स्थानकांपाशी जादा मार्गिका ठेवण्यात आल्या. ऑक्टोबर 2018 मध्ये प्रायोगिक सेवा सुरू झाली आणि 2 फेब्रुवारी 2020 रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती श्री. व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते तिचे औपचारिक उद्घाटन झाले. या वातानुकूलित गाड्यांना ‘चिगरी’ असे नाव देण्यात आले. कानडीत चिगरी म्हणजे हरिण.

आरंभी या हरिणाच्या चालीचे कौतुक झाले. यथावकाश उणिवाही दिसू लागल्या. मधल्या मार्गिका बसला गेल्याने कडेच्या मार्गिकांवर इतर वाहनांची दाटी झाली. स्थानक रस्त्याच्या मध्यभागी असल्याने तेथे पोचण्यासाठी प्रवाशाला धावत्या रहदारीतून वाट काढावी लागते. पावसाळ्यात धारवाडच्या टोल नाक्यासारख्या सखल भागी पाणी साचते. गाड्या जुन्या होत गेल्या तशा देखभालीच्या तक्रारीही वाढल्या. प्रकल्पाच्या उभारणीसाठी साहाय्य मिळते, परंतु देखभालीचा खर्च दरवर्षी स्वतःच्याच उत्पन्नातून काढावा लागतो. घर बांधणाऱ्या प्रत्येक कर्जदारास ठाऊक असलेले हे सत्य शहरांनाही लागू पडते.

दुकानाच्या दारातून

रस्ता रुंद होतो तो कोणाच्या तरी अंगणातून. जुन्या रस्त्याच्या दुतर्फा असलेली दुकाने, घरे, वृक्ष, प्रार्थनास्थळे, साऱ्यांना या विस्ताराची झळ बसली. हुबळीच्या कित्तूर चन्नम्मा चौकात उड्डाणपुलाचे काम 2021 मध्ये सुरू झाले आणि 2025 मध्ये त्यासाठी चौकालगतचे रस्ते काही महिने बंद ठेवावे लागले. पूल झाल्यावर प्रवास सुकर होईल यात शंका नाही. परंतु ज्या दुकानापुढे रस्ता बंद असतो, त्याच्या गल्ल्यात त्या काळात काय जमा होते, हे दुकानदारच जाणे. भाडे, नोकरांचा पगार आणि कॅश क्रेडिटवरील व्याज मात्र थांबत नाही.

अशा प्रसंगी ग्राहकाने काही गोष्टी ध्यानात ठेवणे हिताचे असते. भूमिसंपादन, पुनर्वसन व पुनर्स्थापन यासंबंधीचा 2013 चा कायदा 1 जानेवारी 2014 पासून अमलात आला. त्यात बाजारमूल्याच्या आधारे निघणाऱ्या रकमेवर 100 टक्के दिलासा रक्कम देण्याची तरतूद आहे. ग्रामीण भागात बाजारमूल्यास एक ते दोन पटींपर्यंतचा गुणकही लावला जातो. राष्ट्रीय महामार्गांसाठीच्या संपादनास मोबदल्याच्या या तरतुदी 1 जानेवारी 2015 पासून लागू आहेत. खरेदीखत, मालमत्ता नोंद आणि वारसनोंद ही कागदपत्रे बिनचूक असतील तर मोबदला वेळेवर हाती पडतो. संपादित होणारी मिळकत बँकेकडे तारण असल्यास अधिसूचना प्रसिद्ध होताच शाखेस कळवावे, कारण तारणाचे मूल्य आणि कर्जमर्यादा यांची फेरमांडणी करावी लागते. धंदा काही महिने मंदावणार हे आधीच ठाऊक असेल, तर हप्ते थकण्यापूर्वी शाखाधिकाऱ्यांशी बोलणे केव्हाही श्रेयस्कर. थकल्यानंतर मार्ग कमी उरतात.

मालक नसलेल्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. पदपथावर फुले, भाजी वा मिरची-भजी विकणाऱ्याजवळ ना खरेदीखत असते, ना मोबदल्याचा हक्क. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेस संरक्षण देणारा कायदा 2014 मध्ये संमत झाला आणि 2020 मध्ये पी. एम. स्वनिधी योजना आली. या योजनेची 2025 मध्ये पुनर्रचना होऊन पहिल्या कर्जाची मर्यादा 15 हजार, दुसऱ्याची 25 हजार आणि तिसऱ्याची 50 हजार रुपये करण्यात आली असून तिची मुदत 31 मार्च 2030 पर्यंत वाढविली आहे. रस्त्याच्या कामाने ज्याची जागा हलली, अशा विक्रेत्यास नव्या जागी पुन्हा उभे राहण्यास ही रक्कम उपयोगी पडू शकते. मात्र त्यासाठी शाखेतील कर्मचाऱ्यांनी त्याच्यापर्यंत पोचावयास हवे.

लेखाजोखा

1882 मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने या परिसराचा कायापालट केला. आज तेच कार्य महामार्ग करीत आहेत. कोल्हापूर, नाशिक, सोलापूर यांसारखी महाराष्ट्रातील शहरेही याच वळणावर आहेत. हुबळी-धारवाडकडे पाहून त्यांना एवढे निश्चित ध्यानी घेता येईल की, रस्त्याचा ताळेबंद केवळ किलोमीटर आणि कोटी रुपयांत मांडून पुरत नाही. वाचलेला वेळ जमेच्या बाजूस लिहिताना, रुंदीकरण लांबल्यामुळे गेलेले जीव, बंद चौकातील दुकानदाराचे महिने आणि रस्ता ओलांडू न शकणारी आजी, यांची नोंद खर्चाच्या बाजूस करावीच लागते. ही नोंद आराखडा कागदावर असतानाच झाली, तर पुढील खर्च कमी होतो आणि जो राहतो तो एकट्यादुकट्याच्या माथी न पडता सर्वांत वाटला जातो.