अब्बांसाठी युरोलॉजिस्ट शोधताना

रात्री दोन वाजता अब्बांनी आम्हा दोघा भावांना उठवले. संध्याकाळपासून लघवीचा थेंब उतरला नव्हता, ओटीपोट दगडासारखे झाले होते. डिसेंबरची थंडी, त्यात सर्दी झालेली, म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या ते दोन दिवस घेत होते. सर्दीच्या काही गोळ्यांनी मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात, आणि प्रोस्टेट आधीच वाढलेली असेल तर लघवी पार अडते, हे आम्हाला नंतर कळले.

त्या वेळी आम्ही मोबाइलवर युरोलॉजिस्ट शोधत बसलो. पुण्यात एका ठिकाणी फोन उचलला गेला, तर पलीकडून प्रश्न आला, "केडगाव म्हणजे दौंडचं ना?" आमचे केडगाव नगरचे. इथून सुपे, शिरूर, रांजणगाव करत पुणे शंभर किलोमीटरच्या वर. तरी धाकट्याने गाडी बाहेर काढलीच होती. शेजारचे चाचा पूर्वी दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी त्याला थांबवले. "पुण्यापर्यंत हे असेच कळवळत जातील. आधी नळी घालून घ्या, मग डॉक्टर शोधा."

नळी घालायला युरोलॉजिस्ट लागतोच असे नाही. जिल्हा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात किंवा कोणत्याही सर्जनकडे हे काम होते. अवघड गेले तरच पुढे पाठवतात. अब्बांना नळी पडली, पिशवी भरली आणि ते तिथेच झोपी गेले. रात्री नळी घालणारा शोधायचा आणि युरोलॉजिस्ट दिवसा, एवढे आम्हाला आधी ठाऊक असते तर त्यांचा तास-दीड तास वाचला असता.

खरे तर दोन वर्षे हातात होती. अब्बांचे फजरला मशिदीत जाणे बंद झाले होते आणि आम्ही ते गुडघ्यांवर ढकलले होते. कारण वेगळेच होते. वुजू करून सफेत उभे राहिले की थेंब गळायचा. पाकी राहिली की नाही, नमाज झाली की नाही, हा घोर त्यांना होता. पायजमा स्वतःच धुवायचे. अम्मीला माहीत होते, पण मुलांना सांगायची तिला मनाई होती.

सततची गळती असणाऱ्याला शरीअतने माजूर मानले आहे. हनफी मसलकानुसार तो प्रत्येक नमाजाच्या वक्ताला नवा वुजू करून नमाज अदा करू शकतो, नळी असली तरी. इमामसाहेबांनी अब्बांना हे पाच मिनिटांत समजावले. दोन वर्षे त्यांना विचारलेच नव्हते.

मग शोध सुरू झाला आणि पहिली चूकही. "किडनीचे डॉक्टर" म्हणून आम्ही नेफ्रोलॉजिस्टकडे नंबर लावला. ते किडनीच्या कामाचे, डायलिसिसचे डॉक्टर. प्रोस्टेट, मुतखडा, लघवीचा अडलेला मार्ग हे युरोलॉजिस्टचे काम, तो शस्त्रक्रिया करणारा. पाटीवर एम.एस.च्या पुढे युरोलॉजीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, ते पाहावे. नगर शहर केडगावपासून रिक्षाच्या अंतरावर आहे आणि तिथे युरोलॉजिस्ट मिळतात. काही बाहेरगावाहून ठरलेल्या वारी येतात. अशांना आम्ही एक प्रश्न बेधडक विचारला: ऑपरेशननंतर रात्री रक्त जाऊ लागले तर तुमच्या जागी कोण असेल? एका ठिकाणी उत्तर गोलमोल मिळाले. तिथून आम्ही उठलो.

तपासण्यांतही घाई नडते. नळी पडल्यावर लगेच पी.एस.ए. तपासले तर आकडा फुगलेला येऊ शकतो, आणि कॅन्सरच्या धास्तीने घरभर रडारड होते. अब्बांच्या डॉक्टरांनी काही आठवडे थांबायला सांगितले. दिलेल्या गोळीने चक्कर येऊ शकते, म्हणून ती रात्री जेवणानंतर घ्यायची आणि उठताना आधी पलंगावर बसायचे. हे सांगायला त्यांनी वेळ दिला, म्हणून आम्ही त्यांच्याचकडे राहिलो.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण हॉस्पिटल योजनेत हवे, त्यातही आपले ऑपरेशन तिथे होते का ते पाहायचे. भरती होण्याआधीच रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटावे. बिल झाल्यावर गेलेल्याची तो समजूत काढतो, एवढेच. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवला तर धावपळ वाचते.

अब्बांच्या ऑपरेशनला आता चार महिने झाले. मशिदीच्या वुजूखान्यात ते समवयस्कांना सगळे मोकळेपणाने सांगतात. दोघेजण सोनोग्राफीचे रिपोर्ट घेऊन घरीच आले. मागच्या जुम्यानंतर शेजारच्या खाला अम्मीजवळ बसल्या होत्या. खोकले की लघवी सुटते, पण "तो तर पुरुषांचा डॉक्टर" म्हणून त्या गेल्याच नाहीत. युरोलॉजिस्ट बायकांनाही तपासतो, आणि बाई डॉक्टर हव्या असतील तर सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञांपासून करता येते. अम्मी त्यांना सोमवारी घेऊन जाणार आहे.