पदवी हाती आहे, आता डॉक्टर व्हायचंय?

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणींच्या कपाटात, लग्नाच्या शालूखाली, बी.एस्सी.ची पदवी घडी घालून ठेवलेली असते. बारावीला मेडिकल थोडक्यात हुकलं, मग बी.एस्सी. झाली, स्थळ आलं, लग्न झालं, मुलं शाळेत जायला लागली. आणि एखाद्या दिवशी मुलाचा ताप दाखवायला दवाखान्यात बसलेलं असताना मनात येतं, ‘टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत आपण असतो तर?’ हा विचार बहुतेक जणी कुणाला बोलून दाखवत नाहीत. दाखवला तर ‘आता, या वयात?’ हे उत्तर ठरलेलं!

तेव्हा या प्रश्नाचं उत्तर आज सरळच देऊन टाकू. पदवीधर बाईला, विवाहित बाईला, तिशी-पस्तिशी ओलांडलेल्या बाईला डॉक्टरकीसाठी अर्ज करता येतो. कायद्याची आडकाठी नाही. मात्र तुमच्या पदवीला तिथे सवलतही नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात घेतल्या तरच पुढचा हिशेब चुकणार नाही.

वयाची अट गेली

वैद्यकीय शिक्षण आणि ‘उशीर’ यांची सांगड आपल्याकडे उगीचच घातली जाते. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांच्या लग्नाला नऊ वर्षे झाली होती. १८८६ साली त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. डॉ. रखमाबाईंचा जन्म १८६४चा. नको असलेल्या लग्नाविरुद्धचा कोर्टातला लढा संपवून १८८९ साली त्या लंडनला शिकायला गेल्या, तेव्हा पंचविशीत होत्या. मुली पंधराव्या वर्षी संसाराला लागत त्या काळात पंचविशी म्हणजे आजची चाळिशीच म्हणा ना! पुढे सुरत आणि राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली.

अलीकडची गोष्ट सांगायची तर, २०१७ साली या प्रवेश परीक्षेला खुल्या वर्गासाठी २५ आणि राखीव वर्गासाठी ३० वर्षांची मर्यादा घालण्यात आली होती. ते प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वरच्या वयाची अटच काढून टाकली. त्याआधी, न्यायालयाच्या अंतरिम परवानगीने, ओडिशातील एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने २०२० साली वयाच्या ६४व्या वर्षी ही परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी महाविद्यालयात प्रवेश घेतला होता. तेव्हा ‘या वयात’ हा शब्द आपण आता बाजूला ठेवू.

मग पदवीचा उपयोग काय?

अमेरिकेत आधी पदवी आणि मग चार वर्षांचं वैद्यकीय शिक्षण अशीच रीत आहे. इंग्लंडमध्ये काही विद्यापीठांत पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम असतो. परदेशी राहणाऱ्या नणंदेकडून किंवा भाचीकडून हे ऐकून पुष्कळ जणींना वाटतं की आपल्याकडेही तसंच असेल. तसं नाही, बरं का! आपल्याकडे बी.एस्सी. झालेलीही ‘नीट’ याच परीक्षेला बसते आणि अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या रांगेतच उभी राहते. एम.बी.बी.एस.ला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही. ‘पदवीधरांसाठी खास जागा’ सांगून पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

पात्रता ठरते ती मुख्यतः बारावीवर. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय हवेत. शास्त्राच्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व इतर मागास वर्गाला ४० टक्के गुण लागतात. बारावीला गणित घेतलं आणि जीवशास्त्र सोडलं होतं? तरी निराश होऊ नका. बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही परीक्षेला बसता येईल, असं आयोगाने २०२३ साली जाहीर केलं आहे.

परीक्षेचं गणित

२०२५ साली ही परीक्षा दुपारी २ ते ५ अशी झाली. १८० प्रश्न आणि १८० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ गुण वजा, एकूण ७२० गुण. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते.

आता जीवशास्त्राला निम्मे गुण आहेत, म्हणजे वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्रवाल्यांचं फावलं असं वाटेल. पण घोडं अडतं ते भौतिकशास्त्रात. कॉलेज सोडून दहा वर्षं झालेल्या बाईने पहिले दोन महिने त्यालाच द्यावेत. दुसरं म्हणजे, बी.एस्सी.ची जाडजूड पुस्तकं मिटून ठेवा. प्रश्न येतात ते अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर. एन.सी.ई.आर.टी.ची पाठ्यपुस्तकं आणा. तुमच्या वेळचा अभ्यासक्रम आता बदललेला असणार, तेव्हा जुन्या वह्यांवर विसंबू नका.

आणि एक घरगुती युक्ती. दुपारचं जेवण, झाकपाक झाली की दोन ते पाच ही आपली डोळा लागायची वेळ. परीक्षाही नेमकी त्याच वेळी! म्हणून शेवटचे तीन महिने तरी आठवड्यातून दोनदा, बरोबर दोन वाजता घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवा. शरीराला सवय लागते.

स्पर्धेची कल्पनाही असू द्या. २०२५ साली २२ लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेला बसले. देशात एम.बी.बी.एस.च्या जागा साधारण सव्वा लाख आणि त्यांतल्या सुमारे निम्म्या सरकारी. प्रयत्न किती करावेत याला बंधन नाही, पण ते बंधन आपणच घालून घ्यावं. दोन वर्षं मनापासून अभ्यास करून गुण फार मागे राहत असतील, तर थांबण्यात कमीपणा नाही.

कागदपत्रं : इथेच सासर-माहेर आडवं येतं

बारावीच्या मुलींना नसलेली एक अडचण आपल्याला असते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधार कार्डावर सासरचं. अर्ज भरताना नाव शाळेच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहावं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नाव बदललं असल्यास राजपत्रातील नोंदीची प्रत जवळ ठेवावी. अर्ज साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतात आणि परीक्षा मेच्या सुरुवातीला असते. म्हणून ही धावपळ दिवाळीनंतर लगेच उरकून घ्या.

राखीव वर्गातील भगिनींसाठी महत्त्वाचं : जातीचा दाखला माहेरकडूनच मिळतो आणि महाराष्ट्रात जात पडताळणीचं प्रमाणपत्रही लागतं. नॉन-क्रीमिलेअरसाठी विवाहित बाईच्या बाबतीतही आईवडिलांची स्थिती पाहतात, यजमानांचं उत्पन्न नव्हे. तेव्हा माहेरी भावाला आधीच फोन करा, वडिलांची कागदपत्रं शोधायला वेळ लागतो.

सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्याच्या सीईटी सेलमार्फत भरतात. राज्याच्या जागांसाठी सर्वसाधारणपणे महाराष्ट्राचा अधिवास आणि दहावी-बारावी इथूनच झालेली असावी लागते. परीक्षेच्या दिवशी दागिने आणि लांब बाह्या चालत नाहीत. सूचनापत्रक आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी वाचा आणि मंगळसूत्र-बांगड्यांविषयी काय लिहिलंय ते पाहून घ्या.

खरी परीक्षा घरातली

आता मुख्य गोष्ट. समजा, आज तुमचं वय ३० आहे. दोन वर्षं तयारी, मग साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. डॉक्टर व्हाल तेव्हा ३७-३८ वर्षांच्या असाल. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून शिकल्यास एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. पुढे तज्ज्ञ व्हायचं तर आणखी तीन वर्षं. तोवर आज पहिलीत असलेली मुलगी दहावीच्या पुढे गेलेली असेल.

हजेरीही कडक असते. व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के. घरात पाहुणे आले, सासूबाईंचे गुडघे दुखले, मुलाला कांजिण्या आल्या, तरी रजा मोजूनच मिळणार. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला चारच प्रयत्न आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपवावा लागतो. शिवाय घर मिरजेला आणि जागा मिळाली नांदेडला किंवा गोंदियाला, तर? म्हणून पसंतीक्रम भरताना जिथे खरोखर जाऊन राहता येईल तीच महाविद्यालयं लिहा. पुढच्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत रक्कम जाऊ शकते.

पैशाचं म्हणाल, तर सरकारी आणि खासगी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खासगीत वर्षाला कित्येक लाख लागतात. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केलं आहे. तुम्हाला ते कसं लागू होतं, हे प्रवेशाच्या वेळी जरूर विचारा. परदेशी जाऊन स्वस्तात डॉक्टर करून देतो म्हणणारेही भेटतील. त्यांच्या बाबतीत एवढंच लक्षात ठेवा : त्यासाठीही नीट उत्तीर्ण व्हावं लागतं. आयोगाच्या २०२१च्या नियमांप्रमाणे तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंटर्नशिप वेगळी हवी. परत आल्यावर इथली परीक्षा द्यावी लागते ती निराळीच.

म्हणून फॉर्म भरण्याआधी एका रविवारी घरातल्या सगळ्यांना घेऊन बसा आणि वहीत चार गोष्टी लिहा. सकाळचा डबा कोण करणार? फीचे पैसे कुठून येणार? मूल आजारी पडलं तर कोण थांबणार? दुसऱ्या गावी जावं लागलं तर कोण कुठे राहणार? ‘बघू पुढच्या पुढे’ हे उत्तर त्या वहीत चालायचं नाही. प्रत्येक प्रश्नासमोर एक नाव हवं आणि ते नाव प्रत्येक वेळी तुमचंच असेल, तर हिशेब जमलेला नाही असं समजा. यजमान ‘माझी हरकत नाही’ म्हणाले, तर आनंदच आहे. पण हरकत नसणं वेगळं आणि रोज पहाटे उठून कुकर लावणं वेगळं, नाही का?

दुसऱ्याही वाटा आहेत

वही पाहून साडेपाच वर्षं जमणार नाहीत असं दिसलं, तरी दार बंद झालं असं नाही. नीटच्या गुणांवर दंतवैद्यक आहे, तो पाच वर्षांचा. आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांनाही साडेपाच वर्षं लागतात, पण जागा कधी कधी जवळच्या गावात मिळून जाते. महाराष्ट्रात फिजिओथेरपीलाही नीट लागते. आणि बी.एस्सी.ची पदवी जिथे खरंच उपयोगी पडते अशाही वाटा आहेत : प्रयोगशाळा तंत्रज्ञान, सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालय व्यवस्थापन. इथे पदवीचं वजन आहे आणि वर्षंही कमी लागतात.

तुमच्यापैकी कुणी संसार सांभाळून ही परीक्षा दिली असेल, देणार असेल किंवा विचार करून दुसरी वाट धरली असेल, तर आम्हाला जरूर लिहा. आणि वहीतल्या त्या चार प्रश्नांची उत्तरं तुमच्या घरात कशी जमली, तेही कळवा. सगळ्यांना तेच हवं असतं.