सामीलनामा ते विलीनीकरण : सरदार पटेलांची कामगिरी

ग्वाल्हेर व इंदूर ही संस्थाने १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात ‘विलीन’ झाली, असे पुष्कळदा सांगितले जाते; शाळांतील भाषणांतही ते ऐकू येते. वस्तुतः त्या दिवसापर्यंत जे घडले होते ते सामीलीकरण. विलीनीकरण ही त्यानंतरची आणि अधिक अवघड पायरी होय.

ब्रिटिश सार्वभौमत्व संपुष्टात येताच साडेपाचशेहून अधिक संस्थाने कायद्याच्या दृष्टीने मोकळी होणार होती. तत्पूर्वी जेमतेम सहा आठवडे, ५ जुलै १९४७ रोजी, सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे नवे संस्थान खाते सोपविण्यात आले. सचिव होते व्ही. पी. मेनन, कारकुनीपासून चढत गेलेले गृहस्थ. या उभयतांनी संस्थानिकांपुढे जो सामीलनामा ठेवला त्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार व दळणवळण एवढेच तीन विषय मागितले होते. मागणी थोडी ठेवली म्हणूनच सह्या लवकर झाल्या, असे म्हणावयास हरकत नाही. बडोद्याचे प्रतिनिधी तर एप्रिलमध्येच घटना समितीत दाखल झाले होते. इंदूरचे यशवंतराव होळकर आणि भोपाळचे नवाब हमीदुल्लाखान प्रारंभी साशंक होते. अखेर दोघांनीही सह्या केल्या. हैदराबादचा प्रश्न मात्र सप्टेंबर १९४८ मधील लष्करी कारवाईनेच सुटला.

सामीलनाम्याने राज्यकारभार पालटला नाही. न्याय, महसूल, पोलीस ही खाती दरबाराकडेच राहिली. त्यांवर लोकांचा अधिकार प्रस्थापित व्हावा यासाठी प्रजामंडळांनी अनेक वर्षे लढा दिला होता. त्या लढ्याचे पाठबळ नसते, तर केवळ दिल्लीच्या मुत्सद्देगिरीने हे कार्य तडीस गेले असते असे वाटत नाही.

पुढील पायरीसाठी दोन मार्ग अवलंबिण्यात आले. सांगली, औंध यांसारखी दक्षिणी संस्थाने १९४८ मध्ये आणि कोल्हापूर व बडोदा ही १९४९ मध्ये मुंबई प्रांतात मिळविण्यात आली. ग्वाल्हेर, इंदूर व माळव्यातील लहान संस्थाने यांचा मात्र संघ बनविण्यात आला. २८ मे १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मध्य भारताचे उद्घाटन झाले. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख व होळकर उपराजप्रमुख झाले. राजधानीविषयी दोन्ही शहरांत चुरस होती. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर अशी तोड काढण्यात आली. दप्तरे वाहून नेणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती कितपत रुचली असेल कोण जाणे!

राज्यत्यागाच्या मोबदल्यात संस्थानिकांना तनखे देण्याचे वचन राज्यघटनेतही नमूद झाले. पटेल १९५० मध्ये निवर्तले. तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने रद्द झाले. त्या निर्णयाविषयी आजही मतभेद आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत मध्य प्रदेशात समाविष्ट झाला आणि राजधानी भोपाळला गेली. महसूल मंडळ ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला आणि उच्च न्यायालयाची खंडपीठे दोन्ही शहरांत, ही वाटणी त्या वेळच्या तडजोडींतून आलेली आहे. जमिनीच्या दाव्याचे कागद घेऊन ग्वाल्हेरची वाट धरणाऱ्या शेतकऱ्यास तिचा प्रत्यय आजही येतो.