बेने इस्राएल : सण आणि शिक्षण

आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत पूर्वी तेल गाळणारा एक समाज राहत असे. आठवडाभर चालणारे त्याचे घाणे शनिवारी मात्र बंद असत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हा समाज म्हणजे बेने इस्राएल, अर्थात मराठी बोलणारे ज्यू होत. ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र होईपर्यंतचा काळ विश्रांती व प्रार्थना यांसाठी राखून ठेवलेला असतो. त्यास ‘शब्बाथ’ असे म्हणतात.

आपल्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याशी फुटले व त्यातून सात जोडपी वाचली, असे या समाजाची परंपरा सांगते. त्यांच्याजवळ धर्मग्रंथ उरले नाहीत. तरीही शब्बाथ, मुलांची सुंता, आहाराचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. ग्रंथांचे काम घरांनी केले.

कोकणात राहून त्यांचे सणही मराठी झाले. ज्यू नववर्षाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत. त्या दिवशी गव्हाच्या चिकाचा हलवा करतात. त्यात गाईम्हशीच्या दुधाऐवजी नारळाचे दूध घालतात. मांस आणि दूध एकत्र खाऊ नये, असा धर्मनियम आहे; नारळामुळे तो सहज पाळता येतो. जेरुसलेम येथील मंदिराच्या विध्वंसाचा शोक म्हणून जो उपवास करीत, तो वालाचे बिरडे खाऊन सोडीत. म्हणून त्या दिवसाचे नाव ‘बिरड्याचा सण’ असे पडले. मंगलकार्यात किंवा नवस फेडताना ‘मलिदा’ करतात. त्यात गोड पोहे, ओले खोबरे व फळे ठेवून एलिया प्रेषिताचे स्मरण केले जाते.

पुढे कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी या समाजाला हिब्रू प्रार्थना व विधी शिकविले. इ. स. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभारले. प्रार्थना हिब्रूत होत. परंतु अर्थ कळण्यासाठी मराठीची गरज होती. वल्हांडण सणाच्या रात्री ‘हग्गादा’ हा ग्रंथ वाचतात. त्या वेळी घरातील लहान मूल प्रश्न विचारते आणि वडीलधारे इजिप्तमधील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची कथा सांगतात. मूल ज्या भाषेत विचार करते, त्या भाषेत ही कथा पोहोचणे आवश्यक होते. मराठी अनुवादासह हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापला गेला. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी मुंबईत समाजातील मुलांसाठी शाळा काढली. हीच आजची माझगाव येथील सर एली कदूरी शाळा होय. आता तेथे मुख्यतः अन्य धर्मांची मुले शिकतात.

इस्राएल राष्ट्र १९४८ मध्ये स्थापन झाल्यावर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तेथे स्थायिक झाली. महाराष्ट्रात आता थोडी कुटुंबे उरली आहेत. २०१६ मध्ये राज्य शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. अनेक ठिकाणी सामूहिक प्रार्थनेसाठी लागणारे दहा प्रौढ पुरुष जमणेही आज कठीण होते. तरी मलिद्याचे ताट अजूनही सजते, मुंबई-ठाण्यात आणि इस्राएलमध्येही. ज्ञान शाळेतून व ग्रंथांतून मिळते, तसेच ते घरातील चुलीपाशीही टिकून राहते, याची साक्ष हा लहानसा समाज देतो.