समान वाटणी की न्याय्य वाटणी?

विकासनिधीचा विषय निघाला की आमच्या दुबलगुंडीत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सर्व तालुक्यांना सारखे द्या; दुसरा म्हणतो, जो अधिक मागे त्याला अधिक द्या.

या वादाला इतिहास आहे. १९५६ साली बीदर, गुलबर्गा व रायचूर हे हैदराबाद राज्यातील जिल्हे म्हैसूर राज्यात आले, ते मागासलेपण घेऊनच. २००२ साली डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने राज्यातील १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरविले. पुढे २०१३ साली घटनेचे ३७१ (जे) कलम अमलात आले. त्यात या भागासाठी स्वतंत्र विकास मंडळाची व निधीच्या न्याय्य वाटपाची तरतूद आहे.

मला दुसरा पक्ष पटतो. परंतु तेवढ्याने भागत नाही. समितीने मोजमाप तालुक्याचे केले, आणि तालुक्याच्या सरासरीत एखादे गाव सहज झाकून जाते. शिवाय नवी इमारत सर्वांना दिसते. तिच्यातील शिक्षकाची रिकामी जागा दिसत नाही.

मंडळाच्या कार्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा लागतो. विद्यार्थी मित्रहो, किती खर्च झाला एवढ्यावर न थांबता, त्यातून गावाच्या पदरात काय पडले, हेही आपण विचारले पाहिजे.