धानाचा बोनस: घोषणेपासून खात्यापर्यंत

बोनस जाहीर झाला की गोंदिया जिल्ह्यातल्या धान खरेदी केंद्रांवर पहिला प्रश्न ठरलेला: खात्यात कधी? डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात सरकारने धान उत्पादकांना हेक्टरी १५ हजार रुपये जाहीर केले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पुढच्या हिवाळ्यात, त्याच नागपुरात, रक्कम २० हजार झाली. पण मुख्यमंत्र्यांनी सभागृहात आकडा सांगितला म्हणून कोषागारातून रुपया सुटत नाही.

राज्याचा सगळा महसूल एकत्रित निधीत जमा होतो आणि कायद्याशिवाय त्यातून काही काढता येत नाही. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडताना डिसेंबरच्या बोनसचा आकडा ठरलेला नसतो. मग जादा रकमेसाठी सरकार पुरवणी मागण्या आणते, राज्यघटनेच्या २०५ व्या अनुच्छेदानुसार. विधानसभा त्यांवर मतदान करते. विधान परिषद चर्चा करू शकते, मत देऊ शकत नाही. मागण्या मंजूर झाल्या की विनियोजन विधेयक येते, त्याचा कायदा होतो. त्यानंतर विभागाचा शासन निर्णय, निधीचे वितरण आणि शेवटी सातबारा-नोंदणी जुळलेल्या शेतकऱ्याचे खाते.

या साखळीत आपल्या आमदाराच्या हातात नेमके काय असते? राज्यपालांच्या शिफारशीशिवाय, म्हणजे व्यवहारात सरकारच्या इच्छेशिवाय, अनुदानाची मागणीच मांडता येत नाही. विधानसभा मागणी नाकारू शकते, कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. अर्जुनी-मोरगावचा आमदार ‘बोनस वाढवा’ असे घसा फोडून सांगेल, पण स्वतः एक रुपयाही वाढवू शकणार नाही. त्याचे हत्यार म्हणजे कपात सूचना. तिने रक्कम सहसा कापली जात नाही, पण विभागाच्या मंत्र्याला उत्तर द्यायला उभे राहावे लागते.

कागदावर हे भक्कम दिसते. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये पुरवणी मागण्या सुमारे ५५ हजार कोटींच्या होत्या आणि नागपूरचे अधिवेशन जेमतेम दोन आठवड्यांचे. वेळ संपली की उरलेल्या विभागांच्या मागण्या चर्चेविनाच मतास टाकल्या जातात. इतकी मोठी पुरवणी लागते, तेव्हा मार्चचा अर्थसंकल्प कितपत मनापासून मांडला होता, अशी शंका येतेच.

खरी झडती खर्चानंतर होते. महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहासमोर येतो आणि लोकलेखा समिती विभागाच्या सचिवांना साक्षीला बोलावते: पैसे का पडून राहिले, मंजुरीपेक्षा जास्त का गेले? जादा खर्च झाला असेल, तर तो नियमित करायलाही पुन्हा विधानसभेकडेच यावे लागते. हे काम संथ आणि बातमीच्या दृष्टीने नीरस, म्हणून तिकडे कुणी फारसे पाहत नाही.

कराची वाट निराळी. कायद्याशिवाय कर नाही, हे २६५ वा अनुच्छेद सांगतो. तरी गोंदियाच्या राईस मिलवाल्यांना १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के जीएसटी लागला, तो अधिसूचनेने. दराची शिफारस जीएसटी परिषदेची. तिथे राज्यातर्फे बसतो तो मंत्री. विधिमंडळाने अधिकार कायद्यातच देऊन ठेवलेला असतो, आणि अधिसूचना नंतर सभागृहासमोर ठेवली जाते. तिच्यात बदल सुचवण्याची मुभा सदस्यांना आहे, पण तोवर पोत्यांवर कर आकारणी सुरू झालेली असते.