दोन ओळींचा पॅटर्न आणि उघडं राहिलेलं दार

गेम बनवायला शिकणाऱ्यांमध्ये नकाशाची फाइल वाचायचा विषय निघाला की एक सल्ला हमखास येतो. एक्सएमएल म्हणजे शेवटी साधा मजकूरच. लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत दोन ओळींचा पॅटर्न लिहावा, टॅग हातात येतात, लायब्ररी कशाला हवी? सल्ला देणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या नकाशावर त्याचा पॅटर्न खरोखर चाललेला असतो, आणि म्हणूनच हा गैरसमज इतका चिवट आहे.

तो चालतो कशामुळे? द्विमितीय खेळांचे नकाशे बहुधा ‘टाइल्ड’ या संपादकात काढले जातात आणि टीएमएक्स नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये साठवले जातात. टाइल्ड शिस्तीने लिहितो: सगळीकडे दुहेरी अवतरणचिन्हं, ठरलेली मांडणी, अडचणीची चिन्हं संकेतात बदललेली. अशा फाइलवर <(.-)> हा पॅटर्न, म्हणजे ‘उघडणाऱ्या कोनी कंसापासून पहिल्या बंद कंसापर्यंत जे असेल ते’, निर्धास्त धावतो. पण हे टाइल्डच्या शिस्तीचं श्रेय आहे, पॅटर्नचं नव्हे. कोणी फाइल हातानं दुरुस्त केली, किंवा दुसऱ्या साधनातून नकाशा आला, की काय होतं ते एका ओळीत दिसतं:

<दार नाव="गुहा" अट="नाणी > ५०"/>

ही ओळ पूर्णपणे वैध आहे. डब्ल्यूथ्रीसीनं १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केलेल्या एक्सएमएल १.० च्या शिफारशीत अ‍ॅट्रिब्यूटच्या किमतीत ‘<’ आणि मोकळा ‘&’ यांना मनाई आहे, ‘>’ ला नाही. आपला पॅटर्न मात्र ‘नाणी’नंतरच्या ‘>’ पाशीच थांबतो. त्याच्या हाती नाव लागतं. ‘अट’चं शेवटचं अवतरणचिन्ह तुटलेल्या भागात राहिल्यामुळे ते अ‍ॅट्रिब्यूट सापडतच नाही. त्रुटीचा संदेश येत नाही, खेळ थांबत नाही. फक्त पन्नास नाणी नसतानाही गुहेचं दार उघडतं, आणि मग सगळा संघ दाराच्या तर्कात चूक शोधत बसतो. हे पाहून चीड येते ती यासाठी, की खरा पार्सर वापरला असता तर अट बरोबर वाचली गेली असती आणि फाइल खरोखर मोडकी असती तर त्यानं ओळ क्रमांकासकट तसं सांगितलं असतं.

यावर ‘मग पॅटर्न थोडा सुधारू’ असं उत्तर येतं. तिथेच लुआचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. टॅगचा शेवट नीट शोधायचा तर नियम असा हवा: ‘अवतरणात नसलेलं अक्षर किंवा अवतरणातला अख्खा तुकडा, हे कितीही वेळा’. यातला कळीचा शब्द आहे ‘किंवा’. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये त्यासाठी उभी रेघ असते. लुआच्या पॅटर्नमध्ये ती नाही, आणि अख्ख्या गटाची पुनरावृत्तीही नाही. हे राहून गेलेलं नाही. भाषेच्या निर्मात्यांपैकी रोबेर्तो येरुसालिम्स्की ‘प्रोग्रॅमिंग इन लुआ’च्या पहिल्या आवृत्तीत याचं कारण देतात: पॉझिक्स पद्धतीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला ४,००० हून जास्त ओळींचा कोड लागतो आणि तो लुआच्या सगळ्या प्रमाण लायब्ररींपेक्षा मोठा भरतो; लुआचा पॅटर्न ५०० ओळींच्या आत बसवलेला आहे. लहानशा यंत्रातही मावावी म्हणून घडवलेल्या भाषेत हा हिशेब रास्त आहे. पण त्या ५०० ओळींकडून एक्सएमएलचं व्याकरण मागणं रास्त नाही.

काही जण समतोल कंस शोधण्याची लुआची सोय पुढे करतात. ती फक्त ‘<’ आणि ‘>’ मोजते. अवतरणचिन्हं तिला दिसत नाहीत. वरच्या दारापाशी तीही अडखळते. शिवाय टिपणीत ‘५ < ६’ असं लिहिलेलं असलं, जे वैधच आहे, तरी तिची मोजणी बिघडते. टिपण्यांचा आणखी एक त्रास म्हणजे नकाशा रचणाऱ्यानं एखादा शत्रू तात्पुरता काढायला त्याचा टॅग <!-- आणि --> यांच्यात ठेवलेला असतो, आणि शत्रूचे टॅग थेट शोधणारी स्क्रिप्ट त्याला खुशाल मैदानात उतरवते.

खरा उपाय अवघडही नाही. फाइल डावीकडून उजवीकडे एकदाच चालायची. कोनी कंस दिसला की पुढचं चिन्ह पाहायचं: उद्गारचिन्ह आणि दोन रेघा असतील तर टिपणीच्या शेवटाकडे उडी, प्रश्नचिन्ह असेल तर त्या सूचनेच्या शेवटाकडे, सीडेटा असेल तर त्याच्या बंद खुणेकडे. नाहीतर टॅगचं नाव घ्यायचं आणि मग एकेक अ‍ॅट्रिब्यूट: नाव, बरोबरचं चिन्ह, अवतरण, आणि तेच अवतरण पुन्हा येईपर्यंतचा मजकूर. लुआच्या ‘फाइंड’ला सुरुवातीची जागा देता येते, त्यामुळे प्रत्येक पायरीला साधा पॅटर्न पुरतो. हेही लिहायचं नसेल तर एक्सपॅट या पार्सरवर उभी असलेली लुआएक्सपॅट आहे, शुद्ध लुआतली स्लॅक्सएमएल आहे. अनोळखी खेळाडूंकडून नकाशे येणार असतील, तर एकमेकांत गुंतवलेल्या एंटिटी फुगवून मेमरी खाणाऱ्या फाइलींपासून एक्सपॅटच्या २.४.० आणि पुढच्या आवृत्त्यांत संरक्षण आहे.

फाइल लिहिताना हाच गैरसमज उलट्या बाजूनं भेटतो. नाव संकेतातून न सोडवता वाचलं आणि सेव्ह करताना पुन्हा संकेतात बदललं, की ‘मीठ & मिरची’ या दुकानाच्या पाटीत दर सेव्हला संकेतावर संकेत चढत जातो. वाचताना एक्सएमएलचे ठरलेले पाचही संकेत सोडवायचे, लिहिताना पुन्हा घालायचे, आणि दोन्ही कामं एकाच फेरीत करायची. ‘जीसब’ला बदलांचं टेबल देता येतं, मग आधी कोणतं चिन्ह बदलावं हा प्रश्नच उरत नाही. एवढंच लक्षात ठेवावं की जीसब दोन किमती परत देतो; तो थेट ‘टेबल इन्सर्ट’मध्ये टाकला तर दुसरी किंमतही आत घुसते आणि स्क्रिप्ट त्रुटी देऊन थांबते. भोवती एक जादा कंस घातला की काम होतं.

बाकीचे गैरसमज लहान आहेत. ‘लुआ आकडे आपोआप ओळखतो’: बेरजेत ओळखतो, तुलनेत नाही. एक्सएमएलमधून आलेली प्रत्येक किंमत स्ट्रिंग असते, आणि स्ट्रिंग म्हणून "१०" हे "९" पेक्षा लहान ठरतं. ‘३२२१२२५४७३ असा टाइल क्रमांक दिसला म्हणजे फाइल खराब’: नाही, ती आडवी आणि उभी उलटवलेली पहिली टाइल आहे, उलटवण्याच्या खुणा वरच्या बिट्समध्ये असतात. लुआजिट या लुआच्या वेगवान रूपात सर्वांत वरच्या बिटची तपासणी ऋण संख्या देते, म्हणून ‘शून्यापेक्षा मोठी का’ असं न विचारता ‘शून्य नाही ना’ असं विचारावं. ‘सेव्ह केल्यावर अ‍ॅट्रिब्यूटचा क्रम बदलला, म्हणजे बिघाड’: एक्सएमएलमध्ये त्या क्रमाला अर्थ नाही, आणि लुआचं टेबलही क्रमाची हमी देत नाही, आवृत्त्यांतले फरक वाचायचे असतील तर लिहिण्याआधी नावं क्रमानं लावून घ्यावीत. ‘मोठी फाइल लिहायला लुआ मंद आहे’: मंद असतं ते प्रत्येक ओळीला जुन्या स्ट्रिंगला नवी जोडणं, तुकडे टेबलात साठवून शेवटी ‘कॉनकॅट’ केलं की तक्रार संपते.

‘टाइल्ड थेट लुआ फाइल देतो, मग एक्सएमएल हवंच कशाला’ या प्रश्नात मात्र तथ्य आहे. स्वतःच्या नकाशांसाठी तो मार्ग उत्तम. लुआचे पूर्वजही मुळात माहिती मांडायच्याच भाषा होत्या, ब्राझीलच्या तेल कंपनीसाठी रिओत घडवलेल्या. त्यांतल्या एकीचं नाव पोर्तुगीजमध्ये ‘सूर्य’ आणि १९९३ साली आलेल्या लुआचं ‘चंद्र’. पण लुआ फाइल वाचणं म्हणजे ती चालवणं. परक्या खेळाडूनं पाठवलेला नकाशा चालवू नये, वाचावा.

आणि देवनागरी. लुआच्या लेखी स्ट्रिंग म्हणजे बाइट्स: ‘मराठी’ची लांबी तो १५ सांगतो, ५.३ पासूनची यूटीएफ-८ लायब्ररी ५ सांगते. पाटीवरचं नाव दहाव्या बाइटला कापलं तर ‘ठ’ अर्धवट राहतो आणि लव्ह हे इंजिन ते रेखाटताना त्रुटी देऊन थांबतं. एक्सएमएलला देवनागरीचं वावडं नाही, वरचा ‘दार’ हा टॅग जसाच्या तसा वैध आहे. अडतो तो अक्षरं-अंक ओळखणारा लुआचा वर्ग, जो नेहमीच्या मांडणीत ‘दार’ला शब्दच मानत नाही. त्या अटीतला ‘५०’ही एक्सएमएल बिनतक्रार पोचवतं, पण लुआच्या ‘टूनंबर’कडून उत्तर ‘निल’ येतं. टॅगची नावं मराठीत ठेवायला हरकत नाही. आकडे मात्र फाइलमध्ये इंग्रजी अंकांतच (0 ते 9) लिहावे लागतात.